चौथ्या अंकातली भाकरी

१

गुरुवारी ज्योत्स्ना पावराला शाळेत तास नसायचे. सकाळी आठला ती देवपुरातल्या खोलीला कुलूप घालायची, पांझरेचा पूल ओलांडून धुळ्याच्या स्टँडवर यायची आणि जळगावची गाडी धरायची. मांडीवर काळ्या रेक्झिनची चपटी बॅग, बॅगेत आठवडाभरात काढलेली पानं. पारोळ्याला गाडी थांबली की निम्मी गाडी चहाला उतरायची. ती खिडकीतूनच कप घ्यायची. बॅग खाली ठेवायची नाही हा तिचा नियम होता.

पानं कॉमिकची होती. ‘उरलेलं’ नावाची एक मालिका दोन वर्षं टीव्हीवर गाजली होती. दर भागात एक नवं घर, घरातली माणसं, त्यांचं जेवण. जेवता जेवता काहीतरी होऊन सगळे उठायचे, आणि परत यायचे तेव्हा ताटातलं अर्धं कुणीतरी खाऊन गेलेलं असायचं. खाणारी कोण, ते मालिकेत एकदाही दाखवलं नव्हतं. त्या मालिकेवरून मराठी कॉमिक काढायचे हक्क जळगावच्या श्रेयांसने मिळवले. त्याच्या आजोबांचं, दलिचंदशेठचं, वह्या-पुस्तकांचं जुनं दुकान होतं. आजोबा गेल्यावर नातवाने दुकानाच्या बळावर हा उद्योग मांडला होता. गोष्टी तो लिहायचा, चित्रं ज्योत्स्नाची. मुंबईच्या लोकांची अट एकच: तिला दाखवायचं नाही, तिचं उष्टं दाखवायचं.

ज्योत्स्नाला ताटं फार सुरेख जमायची. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरच्या वरच्या अंगाला तिचं गाव. भाकरीचा पापुद्रा कुठे फुगतो आणि कुठे करपतो हे तिला आईच्या चुलीपाशी बसून कळलं होतं. तिने काढलेली भाकरी बघून तोंडाला पाणी सुटायचं आणि पुढच्याच चौकटीत तीच भाकरी अर्धी, कडेला ओली दाखवली की हातातला घास खाली ठेवावासा वाटायचा. तीन अंक हातोहात खपले होते. चौथा शेवटचा.

त्या गुरुवारी श्रेयांसची बहीण प्रियल नेहमीप्रमाणे पानं स्कॅन करत होती. अकरावं पान हातात घेऊन ती थांबली.

“ताई, एक बोलू? राग मानू नका.”

“बोल ना.”

“पानं उलटताना थुंकी नका ना लावू. काचेला चिकटतं ते.”

ज्योत्स्नाने बघितलं. पानाचा खालचा उजवा कोपरा भिजून लिबलिबीत झाला होता. प्रियलने तो दोन बोटांनी उचलला तेव्हा खालच्या पानापासून एक बारीक तार लांबत गेली आणि तुटली.

ज्योत्स्ना बोटाला थुंकी लावत नसे. आश्रमशाळेतल्या बाईंनी पट्टीने मारून ती सवय मोडली होती. पण ती “बरं” एवढंच म्हणाली. देवपुरात घरमालकीण लताबाई तिचा चहाचा कप जिन्याखालच्या वेगळ्या खिळ्याला अडकवून ठेवत. माणसाला आपली किळस आली की वाद घालून ती जात नाही, वाढते, हे तिला ठाऊक होतं.

२

घरी आल्यावर तिने उरलेली पानं पलंगावर पसरली. तेरा, चौदा, सोळा. प्रत्येकाचा तोच कोपरा मऊ पडून सुरकुतला होता. बसमध्ये बाटली सांडली असेल म्हणून तिने बॅगेत हात घातला. बॅग कोरडी होती.

सतराव्या पानावर एका रिकाम्या घरातला ओटा होता आणि ओट्यावर अख्खी भाकरी. ती काढताना तिने अर्धा दिवस घालवला होता. आता भाकरीच्या एका बाजूची शाई गेली होती. खोडलेली नव्हती, खरवडलेली नव्हती. कागद तेवढ्याच जागी पातळ झाला होता, उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसत होती. कड गोलसर होती.

कसर, ती म्हणाली. कागदातली खळ खायला कसर लागते, झुरळं लागतात. चित्रकलेचा कोर्स करताना असल्या किड्यांनी खाल्लेली चित्रं तिने पाहिली होती. पण कसर वाटेल तिथे खाते. ओट्याशेजारची खिडकी, भिंत, खुर्ची, सगळं जागच्या जागी होतं. फक्त भाकरी खाल्लेली होती.

तिने पान नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. सकाळी उठल्यावर न धुतलेल्या तोंडाला येतो तो पारोसा वास होता.

३

कोपऱ्यावर दुकान होतं. तिथून तिने डांबरगोळ्या आणल्या. कपडे ठेवायची पत्र्याची पेटी रिकामी केली, पानं जुन्या साडीत गुंडाळून आत ठेवली, चारी कोपऱ्यांत गोळ्या टाकल्या आणि कडीला कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आली तर कुलूप जसंच्या तसं. गोळ्या मात्र पेटीच्या झाकणावर होत्या, बाहेर. चारही एका जागी, पातळ फेसकट थारोळ्यात. तोंडात घालून बघाव्यात आणि कडू लागल्या म्हणून थुंकून द्याव्यात तशा.

ती बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग कुलूप उघडलं, कारण पानं तिची होती आणि महिन्याअखेर द्यायची होती. साडी ओली होती. सतराव्या पानावरची भाकरी संपली होती. अठराव्यावरचं पिठलं आणि मिरचीचा ठेचाही. ताटं चाटून लख्ख केली होती. ताटाच्या रेषा तेवढ्या उरल्या होत्या.

जिन्यावरून लताबाईंचा आवाज आला. “ज्योत्स्ना, तुन्या खोलीमा काय वास येस वं? उंदीर मरेल शे का?”

“नाही काकू. बघते मी.”

“बठ्ठा घरमा वास शे. फिनेल टाक.”

सगळ्या घरात वास म्हटल्यावर तिने फिनेल टाकलं. चिमट्याने गोळ्या उचलताना त्यातली एक सटकून तिच्या पायावर पडली. गोळी कोमट होती.

४

रविवारी तिने चित्राला हात लावला नाही. नववीचे पेपर तपासायचे होते. दहाच्या सुमारास कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, दोन भाकरी केल्या, ठेचा वाटला, ताट झाकलं आणि अंघोळीला गेली. खोलीला एकच दार, ते आतून लावलेलं. खिडकीला गज.

अंघोळ करून आली तेव्हा झाकण बाजूला होतं. वरची भाकरी अर्धी होती. दाताची खूण कुठेच नव्हती. दात नसलेल्या माणसाने एखादी गोष्ट तोंडात धरून भिजवावी, चोखावी, पुन्हा बाहेर काढावी आणि पुन्हा चोखावी, तशी ती झिजत गेली होती. कडेला करडा चिखल झाला होता आणि त्यावर बुडबुडे होते. त्यातला एक तिच्यासमोर फुटला.

ज्योत्स्ना मोरीत ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी आलं.

ते ताट तिने खाली गल्लीत रिकामं केलं. गल्लीतली कुत्री धावत आली, हुंगून मागे सरकली. एक कुत्री तर शेपूट पायांत घालून भिंतीच्या कडेने निघून गेली.

आपण स्वतःच खातो की काय, असंही तिने मनाशी तपासून पाहिलं. एकटी राहणारी माणसं काय काय करतात आणि विसरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी ताट झाकून तिने समोर मोबाइल टेकवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि मोरीचं दार लावून घेतलं. नंतर बघितलं तर अकरा मिनिटं ताट, झाकण, भिंत. बाराव्या मिनिटाला पडद्यावरून काहीतरी ओलं, रुंद, सावकाश फिरलं. खालून वर. त्यानंतर सगळं धूसर. मोबाइलची मागची काच चिकट झाली होती. तिने तो साबणाने तीनदा पुसला आणि त्या दिवशी कानाला लावला नाही.

आठवड्याभरात तिला एक गोष्ट कळून चुकली. ज्या दिवशी ती पानावर नवं ताट काढायची, त्या दिवशी पेटीतलं ताट संपायचं आणि तिची भाकरी तशीच राहायची. ज्या दिवशी काढायची नाही, त्या दिवशी तिच्या ताटावर यायचं. मग ती रोज काढू लागली. गोष्टीला नको असलेली ताटं, सुट्या कागदावर. वांग्याचं भरीत, शेवेची भाजी, मोहाच्या दिवसांत आई करायची ते गोड. हात भराभर चालायचा. ती आता रांधते आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं. कुणासाठी, ते माहीत नव्हतं.

आईचा फोन यायचा. दिवालीबाई पावरी बोलीत एकच विचारायची: जेवलीस का? ज्योत्स्ना हो म्हणायची. तिचं वजन चार किलोने उतरलं होतं.

५

तीन आठवडे उलटल्यावर एका गुरुवारी ती दुकानात गेली तेव्हा श्रेयांस खुशीत होता.

“बसा ताई. मुंबईवाल्यांनी मालिका गुंडाळली. पुढचा भाग नाही, शेवट नाही. लोक चिडलेत. आणि त्यांची अटही सुटली. शेवटच्या पानावर आपण तिला दाखवू या.”

“कुणाला?”

“तिला. खाणारीला. पूर्ण पानभर.”

“श्रेयांसभाऊ, ती कशी दिसते मला माहीत नाही.”

“कुणालाच माहीत नाही, म्हणून तर. तुम्ही काढाल तीच.”

तेव्हा ज्योत्स्नाने त्याला सांगितलं. पेटी, गोळ्या, भाकरी, सगळं. सांगताना तिची मान खाली होती, जणू आपल्याच अंगाच्या एखाद्या घाणेरड्या दुखण्याबद्दल बोलत होती. श्रेयांसने मध्ये एकदाही टोकलं नाही. तो वाईट मुलगा नव्हता. पण तिचं संपल्यावर त्याने चाटलेलं पान हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, “हे असंच छापलं तर? याचे फोटो आधी टाकले तर लोक वेडे होतील.”

त्याच्या अंगठ्याला पानाचा ओला कोपरा लागला होता. त्याने तो नकळत पँटला पुसला. ज्योत्स्नाला त्याच्याकडे बघवेना.

दुकानाच्या मागच्या लहान खोलीत त्याची आजी सायरबाई जेवत होत्या. दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हाताने ज्योत्स्नाला आत बोलावलं. जेवण होत आलं होतं. त्यांनी बोटाने ताट निपटलं, त्यात तांब्यातलं थोडं पाणी ओतलं, ताट गोल फिरवून धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. ताट कोरडं पुसून पालथं घातलं.

“दादी, किळस नाही येत?” ज्योत्स्नाने विचारलं. एरवी तिने विचारलं नसतं.

“माझंच ताट, माझंच तोंड. किळस कसली? ठेवून दिलं की किळस.” सायरबाईंनी पदराने ओठ टिपले. “उष्टं दोन घडी राहिलं तर त्यात जीव पडतात, बेटा. डोळ्याला दिसत नाहीत, पण पडतात. आणि तुम्ही लोक दोन वर्षं ताटं तशीच मांडून ठेवताय. कधी टीव्हीवर, कधी पुस्तकात. एकानेही उठून ताट धुतलं नाही.”

“मग काय करायचं?”

“उरवायचं नाही. ताट पुसायचं, धुवायचं, पिऊन टाकायचं. मग कुणी येत नाही.”

६

शेवटच्या पानासाठी तिला पहिल्या अंकातलं घर पुन्हा बघायचं होतं. आधीच्या अंकांची मूळ पानं दुकानामागच्या गोदामात असत. दुपारचा एक वाजला होता. श्रेयांस आणि प्रियल वर घरी जेवायला गेले होते. सायरबाईंनी गल्ल्यावर बसून तिला किल्ली दिली.

गोदाम लांबट आणि उंच होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लाकडी मांडण्या, त्यांत वह्यांचे गठ्ठे. मधोमध टेबल, त्यावर पत्र्यातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन पडला होता. ज्योत्स्ना पहिल्या मांडणीपाशी आली आणि तिला आवाज ऐकू आला. पान उलटल्याचा. मग थोडा वेळ काही नाही. मग वर कुठेतरी जीभ टाळ्याला लागून सुटल्याचा. मग पुन्हा पान.

पंख्याच्या वाऱ्याने पानं उडत असतील, तिने स्वतःला सांगितलं. पंखा बंद होता. पाल असेल. पालीचा आवाज तिला ठाऊक होता, हा तो नव्हता. तिने गठ्ठ्यांमधल्या फटीतून पाहिलं.

टेबलावर पहिल्या अंकाची पानं उघडी होती. उन्हाच्या चौकोनात वरून एक अंगठा आला. फार दिवस पाण्यात राहिल्यासारखा पांढरा, सुरकुत्यांनी भरलेला, नख मऊ पडून मागे वळलेलं. तो पानाच्या कोपऱ्याला टेकला, पान सावकाश उलटलं, नीट सरळ केलं आणि वर गेला. मनगट गेलं, मनगटामागून हात गेला, आणि जातच राहिला. सर्वांत वरची मांडणी पंधरा फुटांवर होती. हात तिच्याही वर अंधारात गेला तरी त्याला कोपर आलं नाही. वर तोच आवाज झाला. अंगठा ओला होऊन पुन्हा खाली आला.

ते वाचत होतं. घाई नव्हती. एका पानावर अंगठा थांबला. ते ज्योत्स्नाने काढलेल्या पहिल्या ताटाचं पान होतं. अंगठ्याने भाकरीवर गोल गोल चोळलं, शाई उचलली आणि वर नेली. या वेळी आवाज बराच वेळ चालला.

ज्योत्स्ना हलली नाही. तिने फळीची कड धरली होती. त्या हाताच्या पाठीवर काहीतरी पडलं. एक थेंब, कोमट आणि दाट. तो मनगटाकडे ओघळला, तुटला नाही. त्याचा दुसरा शेंडा वर कुठेतरी धरलेला होता.

तिने वर बघितलं नाही. तोंड दाबून ती एक एक पाऊल मागे सरकली, दारातून बाहेर आली आणि नळाखाली हात धरला. चामडी लाल होईस्तोवर घासला.

“मिळालं पान?” सायरबाईंनी विचारलं.

“दादी, गोदामात वर कुणी आहे का?”

“वर? वर पत्रा आहे.”

७

संध्याकाळी पाचला ती खोलीवर पोचली. सकाळी घाईत भाकरी खायची राहिली होती आणि पानावर नवं ताट काढायचंही. झाकणाखाली अर्धी भाकरी होती. सकाळपासूनची, म्हणजे दोन घडी कधीच उलटून गेल्या होत्या. करडा चिखल वाळून वर साय धरली होती.

ते बाहेर टाकायला तिने ताट उचललं, आणि दारापाशी थांबली. गेले तीन आठवडे ती तेच करत होती. फेकत होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सायरबाई म्हणाल्या होत्या, उरवायचं नाही. तिने दार लावलं आणि ताट घेऊन खाली बसली.

पहिला तुकडा तिने कोरड्या बाजूचा तोडला. तो गेला. दुसरा ओल्या कडेचा होता. जिभेला तो गार लागला आणि मग आपला आपण कोमट झाला. तो चावावा लागत नव्हता, आधीच चावलेला होता. घशाने दोनदा नाकारला. तिने डोळे मिटले, नाक दाबलं, आईचं नाव घेतलं आणि गिळला. दातांच्या फटीत काहीतरी तंतूसारखं अडकलं. ते तिने बोटाने काढलं आणि तेही पुन्हा तोंडात घातलं. काही उरवायचं नव्हतं. शेवटी ताटात पाणी ओतून तिने ताट धुतलं. पाणी ढगाळ झालं, वर तवंग आला. तिने ते पिऊन टाकलं. ताट पुसून पालथं घातलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली. ओकायचं नाही, एवढं एकच तिने धरून ठेवलं, आणि ती ओकली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शेवटचं पान काढलं. पूर्ण पानभर एक स्वच्छ पालथं ताट. बाकी काही नाही.

सोमवारी तिची भाकरी शाबूत होती. मंगळवारीही. पेटीतली पानं कोरडी राहिली. बुधवारी लताबाई जिन्यात भेटल्या आणि वास गेला म्हणाल्या. ज्योत्स्ना पोटभर जेवली आणि आईला फोन करून खरंखुरं हो म्हणाली.

८

शेवटचं पान बघून श्रेयांस आधी हिरमुसला, मग पाच मिनिटं बघतच राहिला आणि म्हणाला, “राहू द्या. हेच बरं आहे.” अंक छापला, गेला, खपला. काही वाचकांनी शेवट कळला नाही म्हणून पत्रं लिहिली.

महिन्याभराने एका गुरुवारी ज्योत्स्ना मुद्दाम मागच्या खोलीत गेली. सायरबाई तांदूळ निवडत होत्या.

“दादी, तुम्ही सांगितलं तसं केलं. थांबलं सगळं.”

“छान झालं. काय केलंस?”

“त्याने उरवलेलं खाऊन टाकलं. ताट धुऊन प्यायले.”

सायरबाईंचा हात तांदळात थांबला. त्यांनी ज्योत्स्नाच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या ओठांकडे, आणि बसल्या जागीच थोड्या मागे सरकल्या.

“मी तुझ्या ताटाचं बोलले होते, बेटा. तुझं तू उरवू नकोस, म्हणजे त्याला मिळणार नाही. त्याचं उष्टं तू कशाला खाल्लंस?” मग हलक्या आवाजात: “दुसऱ्याचं उष्टं कोण खातं? घरचंच माणूस खातं.”

परतीच्या गाडीत तिने एरंडोलपर्यंत स्वतःला समजावलं की म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आहे. महिना झाला, काही झालं नाही. पुढे पारोळा आलं, गेलं. तिने चहा घेतला नाही.

शुक्रवारी सकाळी तिने दोन भाकरी केल्या, ठेचा वाटला, ताट झाकलं आणि अंघोळीला गेली. पाणी अंगावर घेताना बाहेर भांडं हलल्याचा आवाज झाला. तिने तांब्या खाली ठेवून कान दिला. पुन्हा काही आलं नाही.

बाहेर आली तेव्हा चटई अंथरलेली होती. तिने अंथरली नव्हती. चटईसमोर ताट होतं, झाकण काढून भिंतीला टेकवलेलं. एक भाकरी अलीकडे होती, एक पलीकडे. ठेच्याचे दोन सारखे वाटे केले होते. अलीकडच्या बाजूला पाण्याचा पेला भरून ठेवला होता.

तिने वाकून नीट पाहिलं. दोन्ही भाकऱ्या कोरड्या होत्या. कुठेही ओल नव्हती, कशालाच तोंड लागलेलं नव्हतं. ताटापाशी येऊनही तोंड न लावणं इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच होतं. ते तिच्यासाठी थांबलं होतं.

केसांचं पाणी पाठीवर गळत होतं. अकराची शाळा होती. ताट उचलून गल्लीत फेकता आलं असतं. कडी काढून जिना उतरता आला असता, गावाची गाडीही धरता आली असती. गावाला आईची चूल होती, आई तिच्या ताटात जेवायला बसायची. त्या ताटावर तिसरं तोंड येईल हे डोळ्यांपुढे आल्यावर ज्योत्स्नाने दाराकडे गेलेला हात मागे घेतला.

ती चटईवर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडापाशी नेला.

वर, पंख्याच्याही वर, ओठ विलग झाल्याचा आवाज आला.